लेक विचारते, तेव्हा आईने काय सांगावे?



धुळ्याच्या एका भगिनीचे पत्र समोर आहे. त्या लिहितात, "माझी मुलगी पाचवीत आहे. परवा शाळेतून आली आणि दप्तर ठेवता ठेवता मला म्हणाली, 'मम्मी, बाजूला बसणं म्हणजे काय गं? वर्गातल्या एकीच्या ताईला बसवलंय म्हणे.' सासूबाई तिथेच भाजी निवडत होत्या. मी 'मोठी झालीस की कळेल' म्हणून तिला वाटेला लावलं. पण आता राहून राहून वाटतं, मोठी झाल्यावर हिला कळेल ते कोणाच्या तोंडून? आणि मीच सांगायचं तर किती सांगू? जास्त सांगितलं तर पोर बिघडायची भीती वाटते."

जळगाव, भुसावळ, अमळनेर, शिरपूर इकडच्या बहिणीही वेगवेगळ्या शब्दांत हेच विचारतात. म्हणून आजचे सदर या एकाच प्रश्नाला देते.

सांगितले की पोर बिघडते?

आईला ही भीती वाटणे साहजिक आहे. पण ती किती खरी ते तपासून पाहिले गेले आहे. युनेस्कोने देशोदेशींच्या अभ्यासांचा आढावा घेऊन २००९ साली एक मार्गदर्शिका काढली आणि २०१८ साली ती सुधारली. वयाला झेपेल अशी माहिती दिल्याने मुले लवकर भलत्या वाटेला लागतात, असे त्यात आढळले नाही. काही ठिकाणी तर माहिती मिळालेली मुले उशिरा आणि जपून पाऊल टाकतात, असेच दिसले. तरी २००७ साली आपल्या विधिमंडळात या विषयावरून गदारोळ झाला आणि शाळांतून सुरू होऊ घातलेले लैंगिक शिक्षण सरकारने थांबवले. पुढे २३ सप्टेंबर २०२४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले, की हे शिक्षण म्हणजे परदेशी खूळ, त्याने मुले बिघडतात, हा समज चुकीचा आहे.

दुसरे म्हणणे असे, की "आपल्यात असले बोलत नाहीत". आपल्या पणजीने हे ऐकले असते तर ती हसली असती! तिच्या काळी मुलीला न्हाण आले की मखरात बसवीत, शेजारणी-पाजारणी ओटी भरायला येत, गाणी म्हणत. मुलगी शहाणी झाली हे साऱ्या आळीला कळे. तो सोहळा बालविवाहाच्या दाव्याला बांधलेला होता, त्यामुळे तो गेला ते बरेच झाले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ केले, १९७८ साली ते १८ झाले. मुली माहेरी, शाळेत शिकताना वयात येऊ लागल्या. सोहळा बंद पडला आणि त्याबरोबर चार बायकांनी मिळून मुलीला सांगणेही बंद पडले. ती रिकामी जागा मग कोणी भरलीच नाही. ज्यांनी भरू पाहिली त्यांना त्रास झाला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. वाचकांनी विचारलेल्या अशाच प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला चालला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी दोनशे रुपये दंड झाला. आज आपल्याला दंड होणार नाही, फक्त तोंड उघडायचे आहे.

मुलाच्या डोक्यात काय चालते?

किती सांगावे, याचे उत्तर मुलाच्या वयात असते. अमेरिकेत ॲन बर्नस्टीन आणि फिलिप कोवन यांनी तीन ते बारा वर्षांच्या मुलांना "बाळ कुठून येते?" असे विचारले आणि त्यांची उत्तरे १९७५ साली प्रसिद्ध केली. अगदी लहान मुलांना वाटायचे, की बाळ कुठेतरी तयार असतेच, आपण ते फक्त घेऊन यायचे. त्याहून मोठ्यांना वाटे, कोणीतरी ते बनवते, आपण लाडू वळतो तसे. आई-बापाच्या शरीराचा त्यात काय संबंध, हे पुढे हळूहळू उमगते. म्हणजे आपण एकच वाक्य बोलतो, पण चार वर्षांचे मूल ते वेगळे ऐकते आणि दहा वर्षांचे वेगळे.

आपल्या खानदेशात "बी पेरतात" असे सांगितलेत, तर कापसाचे बी टोकताना पाहिलेल्या पोराला वाटेल, की आईच्या पोटात मातीच भरली आहे! "बाळ पोटात असते" म्हटले, की ते विचारते, "मग भाकरी त्याच्या डोक्यावर पडते का?" याला हसू नका, रागावूही नका. ते मूल आपल्या परीने बरोबर विचार करत असते. त्याला पुरेल इतकेच आणि खरे सांगा. उरलेले ते पुढच्या वर्षी विचारील.

तीन ते सहा वर्षे

अंगाच्या प्रत्येक भागाला नाव असते. नाक, कान, कोपर शिकवताना शूची, शीची जागाही न लाजता सांगावी. घरातला शब्द चालेल, पण एकच ठरवा आणि तो चारचौघांना समजेल असा असू द्या. उद्या काही दुखले-खुपले किंवा कोणी हात लावला, तर मुलाला ते सांगता आले पाहिजे. "बाळ कुठे असते?" तर "आईच्या अंगात बाळासाठी एक वेगळी पिशवी असते, जेवण जाते ती जागा वेगळी" एवढे पुरे.

याच वयात आणखी एक गोष्ट शिकवायची. अंघोळ घालताना आईने आणि दुखत असेल तर आई जवळ असताना डॉक्टरांनी, एवढे सोडून त्या जागी कोणी हात लावायचा नाही. लावला आणि वर "कोणाला सांगू नको" म्हटले, तर ते आईला लगेच सांगायचे. पाहुण्यांना पापा द्यायला, मांडीवर बसायला मूल नको म्हणत असेल तर बळजबरी करू नका. "नको" म्हणायची सवय लहानपणीच लागते.

सात ते नऊ वर्षे

आता प्रश्न येतो, "बाळ आत गेले कसे?" उत्तर द्यावे, "एक बीज आईच्या अंगात असते, एक बाबांच्या. मोठ्या माणसांची ती दोन बीजे एकत्र आली की पिशवीत बाळ वाढू लागते. आणि बीज म्हणजे शेतातले बी नव्हे, डोळ्यांना दिसणार नाही इतके बारीक असते." गोठ्यात शेळी व्यायली तर मुलांना हाकलून देऊ नका. जे डोळ्यांनी दिसते त्याची भीती बसत नाही.

नऊ ते बारा वर्षे

पत्रातल्या भगिनींची मुलगी या वयाची आहे, आणि सांगण्याची खरी वेळ हीच. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारण आठ ते तेरा या वर्षांत होते. आधी छातीत बोंडाखाली लहानशी गाठ येते, हात लागला की दुखते. पुष्कळदा ती एका बाजूला आधी येते आणि आया घाबरून जातात. घाबरण्याचे काही कारण नाही, दुसरी बाजू मागाहून येते. मग काखेत आणि खाली केस येतात, उंची भरभर वाढते, अंगावरून थोडे पांढरे जाते. छातीत फरक दिसू लागल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. म्हणजे निसर्ग आपल्याला दोन वर्षे आधी निरोप धाडतो. ती दोन वर्षे आपण गप्प का बसावे?

तिला असे सांगा, "बाळाची पिशवी दर महिन्याला आतून मऊ अस्तर तयार करते. बाळ नसले की ते अस्तर रक्ताबरोबर बाहेर येते. त्याला पाळी म्हणतात. ते घाण रक्त नाही, कसली शिक्षा नाही आणि दुखणेही नाही." शाळेत पाळी आली तर काय करायचे तेही आधीच सांगून ठेवा. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक पॅड, एक चड्डी आणि एक कागदी पिशवी असू द्या. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचे. कापड वापरत असाल तर ते साबणाने धुऊन उन्हात वाळवायचे, कपाटामागे अंधारात नाही.

सुरुवातीची एक-दोन वर्षे पाळी मागेपुढे होते. पण रक्तस्राव सात-आठ दिवसांवर गेला, तासा-दोन तासाला पॅड भिजू लागले किंवा दुखून शाळा बुडू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली, तेराव्या वर्षापर्यंत काहीच फरक दिसला नाही किंवा पंधरा पुरी होऊनही पाळी आली नाही, तरी दाखवावे. शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी "उष्ण पडते" म्हणून फेकू देऊ नका. पाळी सुरू झालेल्या मुलीला लोह लागतेच.

राहिला प्रश्न बाजूला बसण्याचा. देवघराचे काय ते घरातल्या वडीलधाऱ्यांनी बसून ठरवावे, त्यावरून सासूबाईंशी भांडण काढा असे मी सांगणार नाही. पण मुलीला वेगळ्या पोत्यावर झोपवणे, अंघोळ करू न देणे, शाळेत न पाठवणे, हे मात्र चालू देऊ नका. "कावळा शिवला" असे गमतीने सांगून तिची समजूतही काढू नका. ती आता कावळ्यावर विश्वास ठेवण्याच्या वयाची राहिलेली नाही. एवढे मात्र तिला नक्की कळते, की आई आपल्यापासून काहीतरी लपवते आहे.

आणि मुलगा?

मुलाला काय सांगायचे, असे फार थोड्या आया विचारतात. "पुरुषांना सगळे कळते" असे आपण धरून चालतो. त्याला कळते ते वर्गातल्या टवाळ पोरांकडून, फोनवरच्या घाणेरड्या चित्रांवरून आणि रस्त्याकडेच्या भिंतींवर रंगवलेल्या "गुप्तरोगा"च्या जाहिरातींवरून! मुलगे साधारण नऊ ते चौदा या वर्षांत वयात येऊ लागतात. आवाज फुटतो, मिसरूड येते, एखाद्या सकाळी चड्डी ओली होते. त्याला आपल्याकडे "स्वप्नदोष" म्हणतात. दोष हा शब्दच चुकीचा आहे. मुलीला जशी पाळी तसे मुलाला हे. रक्ताच्या अमुक थेंबांचा एक थेंब होतो आणि तो गेला की अशक्तपणा येतो, ही कल्पना निव्वळ खोटी आहे. अंथरूण ओले दिसले तर मुकाट्याने धुवायला टाका, चिडवू नका. बाकीचे त्याच्या वडिलांनी सांगावे, निदान मामाने किंवा मोठ्या भावाने. चौदा पुरी होऊनही काही फरक दिसला नाही, किंवा नऊ वर्षांच्या आतच बदल सुरू झाले, तर डॉक्टरांना दाखवा.

पाळी म्हणजे काय तेही त्याला सांगा. बहिणीच्या पॅडला हसणारा मुलगा उद्या बायकोचे दुखणे समजून घेईल, ही अपेक्षा कशी करायची?

तेराच्या पुढे

आता ओढ वाटू लागते, आरशासमोरून हलवत नाही, बोलले की डोळ्यांत पाणी येते नाहीतर दार आपटते. मेंदूत भावना उसळवणारा भाग लवकर तयार होतो, आणि "थांब, विचार कर" म्हणणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत असतो. म्हणून या वयातल्या पोरांना सारे समजते, पण ऐन वेळी थांबता येत नाही. त्यांना आपण रागे भरतो, तेव्हा हे ध्यानात असू द्यावे. कोणी आवडणे हा गुन्हा नाही, पण कोणाच्याही आग्रहाला "नाही" म्हणता येते आणि समोरच्याचे "नाही" ऐकायचे असते, हे मुलगा-मुलगी दोघांनाही सांगा. मूल राहते कसे आणि आजार पसरतो कसा, हेही या वयात स्पष्ट कळले पाहिजे.

पुष्कळ घरांत मुलगी मोठी दिसू लागली, की बोलण्याऐवजी लग्न उरकायची घाई होते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी १०० त सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. धुळे जिल्ह्यात हा आकडा ४० च्या आसपास होता. आपल्याच घराशेजारची ही गोष्ट आहे.

न बोलण्याची किंमत

आता जे लिहिते आहे ते लिहिताना हात जड होतो. १९९४ साली जळगावात एक प्रकरण उघडकीला आले. त्या वेळी ज्या कळत्या वयाच्या होत्या त्यांना ते आठवत असेल. मुलींना आणि तरुण बायकांना ओळखीच्या, प्रेमाच्या नावाखाली जाळ्यात ओढायचे, अत्याचार करायचा, फोटो काढायचे आणि मग "घरी दाखवू" म्हणून पुन्हा पुन्हा बोलवायचे, असा तो प्रकार होता. आरोप झालेल्यांत शहरातली वजनदार माणसे होती. मीरा बोरवणकर यांच्यासारख्या महिला अधिकारी तपासाला आल्या. किती मुली, याच्या नाना वार्ता उठल्या, पण फिर्याद द्यायला पुढे आल्या त्या अगदी थोड्या. ज्यांचा काडीइतका संबंध नव्हता, अशा जळगावच्या मुलींची स्थळेही लोक नाकारू लागले.

दोष त्या नराधमांचा होता, मुलींचा नाही आणि त्यांच्या आयांचाही नाही. तरी एक गोष्ट आपण शिकायची आहे. त्या धमकीचे सारे बळ "घरी दाखवू" या दोन शब्दांत होते. ज्या मुलीला पक्के ठाऊक आहे, की काहीही झाले तरी आई आधी मला जवळ घेईल आणि मग विचारील, तिच्यापुढे हे दोन शब्द लंगडे पडतात. आज फोटो काढायला स्टुडिओ लागत नाही, प्रत्येक खिशात कॅमेरा आहे. म्हणून हा प्रश्न १९९४ पेक्षा आज जास्त जवळचा झाला आहे.

पाळीबद्दल, बाळाबद्दल बोलायचे ते याचसाठी. माहिती तिला पुस्तकातही मिळेल. पण "हे आईशी बोलता येते" ही सवय पुस्तकात मिळत नाही. पाचवीतल्या प्रश्नाला "गप्प बस" ऐकलेली मुलगी दहावीतले संकट घेऊन आईकडे येत नाही.

आणि तशी वेळ आलीच, तर मुलीला पहिले वाक्य म्हणा, "तू सांगितलंस ते चांगलं केलंस." "तू तिथे गेलीच कशाला?" हा प्रश्न गिळून टाका. धमकावणाऱ्याला पैसे देऊ नका, फोनवरचे निरोप पुसू नका. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुला-मुलींना संरक्षण दिले आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता. मुलाचे नाव छापायला बंदी आहे. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा फोन आहे, पोलिसांसाठी ११२.

सुरुवात कशी करावी?

समोरासमोर बसवून भाषण देऊ नका, त्याने दोघींना संकोच होतो. वाटाणे सोलताना, वेणी घालताना, कपड्यांच्या घड्या करताना बोलावे, म्हणजे डोळे कामाकडे राहतात. भाद्रपदात मुली गुलाबाई बसवतात, माहेर-सासरची गाणी म्हणतात, त्या निमित्ताने चार जणींत विषय सहज निघतो. प्रश्न आला की आधी उलट विचारा, "तुला काय वाटतं?" म्हणजे तिला किती ठाऊक आहे आणि काय चुकीचे ठाऊक आहे, ते कळते. चारचौघांत विचारले तर "चांगलं विचारलंस, रात्री सांगते" म्हणा आणि रात्री आठवणीने सांगा. उत्तर येत नसेल तर "मलाही नीट ठाऊक नाही, डॉक्टरीणबाईंना विचारू" म्हणण्यात कमीपणा नाही. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, जळगावातही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सरकारी दवाखान्यात किशोरवयीनांसाठी "मैत्री" या नावाने सल्ला केंद्रे चालतात, तिथे चौकशी करावी. सासूबाईंनाही बोलण्यात ओढून घ्या. "तुमच्या वेळी कसं होतं हो, आई?" असे एकदा विचारून पाहा. त्यांच्याकडे सांगायला पुष्कळ असते, त्यांनाही आजवर कोणी विचारलेले नसते.

या आठवड्यात एवढेच करा. दहाच्या पुढची मुलगी असेल तर तिच्या दप्तरात पॅडची ती छोटी पिशवी ठेवा आणि ती कशासाठी, ते पाच मिनिटांत सांगा. मुलगा असेल तर त्याच्या वडिलांना हे सदर वाचायला द्या. काय झाले ते मला जरूर कळवा. नाव घालू नका असे लिहिलेत तर घालणार नाही.